दहावी झाली, फायटर पायलट व्हायचंय. कोरेगावातून नेमकी तयारी कशी करू?

कोरेगावकर_१०

नमस्कार. दहावीचा निकाल लागला, ९१ टक्के, गणितात ९४. वय १५ वर्षं ९ महिने, उंची १६४ सेंटिमीटर. मला हवाई दलात लढाऊ विमान उडवायचं आहे, दुसरं काही डोक्यात नाही. आमच्याकडे सल्ला द्यायला सगळे आहेत, पण प्रत्येकाचं वेगळं. एक जण म्हणतो रोज दहा किलोमीटर पळ. दुसरा म्हणतो अग्निवीर वायूत भरती हो, आतून पायलट होता येतं. चुलतभाऊ म्हणतो आधी कमर्शियल पायलटचं लायसन्स काढ. पुण्याच्या एका अकॅडमीत चौकशी केली तर दोन वर्षांची फी ऐकून बाबा गप्पच झाले. आमचं आलं आणि ऊस आहे, तेवढी रक्कम एकदम निघत नाही.

अकरावीला विषय कोणते घेऊ? अकॅडमी लागतेच का? आणि एक शंका: चष्मा नाही, पण शेवटच्या बाकावरून फळा जरा पुसट दिसतो. याने काही अडेल का?

निवृत्त_वायुसैनिक_सातारा

बाळा, कुठलीही फी भरायच्या आधी तीन गोष्टी तपासून घे: विषय, शरीराची मापं आणि डोळे. या तिन्हींना पैसे जवळपास लागत नाहीत आणि यातली एक जरी हुकली तरी बाकीची मेहनत फ्लाइंगपुरती वाया जाते. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, घराघरात फौजी आहेत. त्यामुळे ‘तयारी’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भरतीचं ग्राउंड येतं. पायलटची वाट अधिकारी प्रवेशाची आहे, ती वेगळ्या दारातून जाते. अग्निवीर वायू ही चांगली नोकरी आहे, पण ते पायलट होण्याचं दार नाही. आणि लायसन्सची अट कुठेच नाही. हवाई दल स्वतः शून्यापासून उडायला शिकवतं, तेही फुकट. लायसन्सचा लाखोंचा खर्च या कारणासाठी मुळीच करू नका.

विषय: अकरावी-बारावी सायन्स, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही. काही मुलं बायोलॉजी ठेवून गणित सोडतात, तिथेच एनडीएचं (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) हवाई दल संपतं. दहावीनंतर डिप्लोमाला गेलास तरी तेच, कारण बारावी लागते.

मापं: उंची किमान १६२.५ लागते, १६३ च्या वर असलेली बरी. तू या अटीत बसतोस. पण कॉकपिटमध्ये नुसती उंची पुरत नाही, पाय पेडलपर्यंत पोचावे लागतात आणि डोकं वर टेकता कामा नये. म्हणून आणखी तीन मापं घेतात. घरीच घे. भिंतीला पाठ आणि कुल्ले घट्ट टेकवून फरशीवर बस, गुडघे अजिबात न वाकवता पाय सरळ समोर पसर, तळवे उभे ठेव. भिंतीपासून टाचेच्या तळापर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी. ती ९९ ते १२० सेंटिमीटरमध्ये हवी. मग तसंच टेकून सपाट स्टुलावर बस, गुडघा काटकोनात. भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापर्यंत मांडीची लांबी, ती ६४ पेक्षा जास्त नको. आणि बैठकीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत बसलेली उंची, ८१.५ ते ९६. टेलरची कापडी टेप वापरू नकोस, ती ताणते. सुताराची स्टीलची टेप घे आणि डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण कर. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा मोज, उंचीत थोडा फरक पडतोच.

उंचीत बसणाऱ्या मुलांना वाटतं आपलं काम झालं. प्रत्यक्षात १६३-१६५ च्या काही मुलांचा पाय ९९ च्या आत भरतो आणि सहा फुटांच्या पुढच्या काहींची बसलेली उंची किंवा मांडी बाहेर जाते. अजून वाढीचं वय आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी मोजत राहा.

दारं किती, ते आता सांगतो. पहिलं एनडीए. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरला. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाही फॉर्म भरता येतो. तुझं गणित मांडलं तर बारावीच्या सप्टेंबरपासून चार प्रयत्न बसतात. चौथ्याचा कोर्स सुरू होईल तेव्हा तू १९ वर्षं ५ महिन्यांचा असशील, म्हणजे तोही जेमतेम. फी १०० रुपये. फॉर्ममध्ये सेवांचा पसंतीक्रम विचारतात, हवाई दल पहिलं लिही. आर्मी पहिली लिहून ‘नंतर बदलू’ म्हणणाऱ्यांची अडचण होते.

ते हुकलं तर पदवीनंतर एएफकॅट (हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा) आणि सीडीएस (यूपीएससीची तिन्ही दलांसाठीची परीक्षा). फ्लाइंगला वय २० ते २४. एएफकॅटला पदवीत ६० टक्के आणि बारावीत फिजिक्स-मॅथ्समध्ये प्रत्येकी ५० टक्के. तिसरी वाट एनसीसीची. एअर विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळासमोर जाता येतं. म्हणून पदवीचं कॉलेज निवडताना तिथे एअर विंग आहे का हे आधी विचारा, आर्मी विंगचं सर्टिफिकेट या फ्लाइंग एंट्रीला चालत नाही.

दृष्टी_मिरज

फळा पुसट दिसतो या एका वाक्यासाठी लिहिते आहे. याच आठवड्यात डोळे दाखव.

एनडीएतून फ्लाइंगला मायनस नंबर चालत नाही. पाव नंबरसुद्धा नाही. एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ चालतं, पण तो दुसरा डोळा ६/६ पर्यंत सुधारायला हवा आणि तेही प्लस नंबर असेल तरच. रंगदृष्टी सीपी-१, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची लागते. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तिकेतले आकडे ओळखायचे असतात. लाल-हिरव्याचा जन्मजात दोष उपचाराने जात नाही, त्यामुळे तो आहे का नाही हे आजच कळलेलं बरं.

आता महत्त्वाचं. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर हनुवटी टेकवून नंबर काढतात, त्यावर विश्वास ठेवून रडू नकोस आणि नाचूही नकोस. दिवसभर पुस्तक आणि मोबाइल जवळ धरणाऱ्या मुलांच्या डोळ्यातला स्नायू आखडलेला राहतो आणि मशीन खोटा मायनस दाखवतं. खरा नंबर कळायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब टाकून, स्नायू सैल करून तपासावं लागतं. हवाई दलाचे डॉक्टरही डोळ्यांची तपासणी अशीच खोलात जाऊन करतात. मिरजेत किंवा साताऱ्यात नेत्रतज्ज्ञाला स्पष्ट सांग: थेंब टाकून नंबर, रंगदृष्टी आणि पडद्याच्या कडांची तपासणी, तिन्ही हवं. पडद्याच्या कडेला जाळीदार झीज असेल तर त्याचा त्रास काहीच होत नाही, पण फ्लाइंगला ती अडू शकते.

लेसिकबद्दल फार गैरसमज आहेत. लेसिक केलेलं पदवीनंतरच्या प्रवेशाला अटींसह चालतं: ऑपरेशन विशीनंतर झालेलं, त्याला किमान १२ महिने होऊन गेलेले, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची उरलेली जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नाही आणि डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरच्या आत. एनडीएची वयोमर्यादाच साडेएकोणीस आहे, त्यामुळे तिथे लेसिकचा प्रश्नच येत नाही. सतराव्या वर्षी घाईने लेसिक करून घेणारा मुलगा एनडीएही घालवतो आणि पुढचा एएफकॅटही. आई-बाबांनी हे नीट समजून घ्यावं.

नंबर नसेल तर तो येऊ नये म्हणून एकच गोष्ट भरवशाची आहे: दिवसाउजेडी बाहेर राहणं, रोज दोन तासांच्या आसपास. पुस्तक हातभर लांब, वीस-पंचवीस मिनिटांनी नजर दूरच्या झाडावर. अंथरुणात आडवं पडून मोबाइल अजिबात नाही. गाजर खाऊन नंबर जात नाही.

बाकी मेडिकलचं थोडक्यात. कानातला मळ घरी काडीने काढू नकोस, पडदा फाटतो आणि फाटलेला पडदा हे नापास होण्याचं खरं कारण असतं. नाकाचा पडदा वाकडा असणं, हायड्रोसील, हर्निया, पायांच्या फुगलेल्या शिरा हे सगळं आत्ताच दाखवून घ्या म्हणजे लागलं तर ऑपरेशन आणि भरून यायला वेळ दोन्ही मिळतं. गुडघे एकमेकांना टेकवून उभं राहिल्यावर दोन्ही घोट्यांत ५ सेंटिमीटर किंवा जास्त अंतर राहिलं तर ती अडचण आहे. दातांना पॉइंट (गुण) देतात, ते किमान १४ लागतात, किडलेली दाढ भरून घे. टॅटू काढायचा विचार असेल तर सोडून दे.

गणित_कराड

अकॅडमी लागतेच का, या प्रश्नावर माझं स्पष्ट मत: लेखीसाठी नाही. दहावीला गणितात ९४ असलेल्या मुलाला नाहीच.

पेपर असा आहे. गणित ३०० गुणांचं, १२० प्रश्न, अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. दुसरा पेपर ६०० गुणांचा, १५० प्रश्न. त्यात इंग्रजी २०० आणि बाकी फिजिक्स, केमिस्ट्री, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी मिळून ४००. गणितात बरोबर उत्तराला अडीच, चुकीला ०.८३ वजा. दुसऱ्या पेपरात बरोबरला ४, चुकीला १.३३ वजा. ९०० पैकी लेखीचा कटऑफ गेल्या काही वर्षांत साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान राहिला आहे. आकडा छोटा वाटतो, पण मुलं तिथे का अडकतात ते बघ.

गणितात हुशार मुलं इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची जाड पुस्तकं घेऊन बसतात. तिथे एक प्रश्न सोडवायला जास्त वेळ लागला तरी चालतं, इथे नाही. एनडीएच्या गणिताला खोली कमी आणि वेग जास्त लागतो. त्रिकोणमिती, मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट, संभाव्यता-सांख्यिकी, व्हेक्टर हे भाग लवकर गुण देतात. कॅल्क्युलस बारावीच्या पुस्तकाबरोबर आपोआप होतं. अकरावीत एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं, बारावीच्या जूनपासून यूपीएससीच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर. घड्याळ लावून, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळे करत. नुसतं वहीत सोडवलं तर गोल भरायची मिनिटं कोण मोजणार?

दुसरी चूक जास्त महाग पडते. प्रत्येक विषयात ठरावीक किमान टक्के लागतात, बहुतेकदा २५. गणितात भरपूर मिळवून सामान्य ज्ञानाकडे पाठ फिरवणारा मुलगा एकूण गुणांत वर असूनही बाहेर पडतो. आणि पेपर इंग्रजी-हिंदीतच असतो. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीच्या पहिल्या दिवसापासून संज्ञा इंग्रजीत पाठ कराव्यात. ‘लंबवर्तुळ’ येतं पण ‘एलिप्स’ वाचून गोंधळ होतो, असं घडतं.

संभाजीनगरला शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. अकरावी-बारावी तिथेच. पण तिचा फॉर्म दहावीतच भरायचा असतो, तुझी वेळ गेली. पुढच्यांनी लक्षात ठेवा.

विटा_रनर

पळण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. रोज दहा किलोमीटर नको. एनडीएला रुजू होताना अपेक्षित क्षमता: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, २० पुशअप, २० सिटअप, ८ चिनअप, ३ ते ४ मीटर दोरीवर चढणं. पळणं सगळ्यांचं होतं, अडतं ते चिनअपला.

चिनअप शून्य असतील तर उडी मारून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच सेकंद घेत सावकाश खाली यायचं. पाच वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दीड-दोन महिन्यांत पहिली खरी चिनअप निघते. झोका घेऊन काढलेली मोजू नकोस. पळणं आठवड्यात चार दिवस, तीन ते पाच किलोमीटर, मातीवर. अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा घाट चढायला उत्तम, पण उतारावर सुसाट धावलास की नडगी आणि गुडघे धरतात. चढताना पळ, उतरताना चाल.

आणि एक: लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा अंगावर वजनाच्या कित्येक पट भार येतो, आधुनिक विमानांत ८-९ पटींपर्यंत. रक्त पायांकडे ओढलं जातं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. वैमानिक मांड्या, पोटऱ्या आणि पोट करकचून आवळून, श्वास रोखून-सोडत ते रक्त वर धरून ठेवतो. जी-सूट (पाय आणि पोट दाबून धरणारा पोशाख) मदतीला असतो, पण काम स्नायूंचं. म्हणून जोर-बैठका सोडू नकोस. आपल्याकडच्या तालमीतल्या बैठका यासाठी अगदी योग्य व्यायाम आहे. नुसता लांब पल्ल्याचा धावपटू होऊन, अंगावर मांस न ठेवता, यात फायदा नाही.

कोरेगावकर_१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मापं घेतली, बाबांनी टेप धरली: पाय १०१, मांडी ५६, बसलेली उंची ८५. शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. अजून दोन प्रश्न. मुलाखत मंडळात इंग्रजी कच्चं असेल तर? आणि पायलटची मशीन टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, हे खरं का? धाकटी बहीण पाचवीत आहे, तीही मागे लागली आहे. मुलींना आहे का?

सांगली_एसएसबी

मापं आत आहेत. पायाच्या १०१ ला फार जागा नाही, पण पुरेशी आहे.

मशीन टेस्टचं खरं आहे. तिला सीपीएसएस म्हणतात, डीआरडीओने बनवलेली संगणकीय पायलट निवड चाचणी, पीएबीटी या जुन्या पायलट चाचणीच्या जागी आली. एकदा नापास झालास की एनडीए, एएफकॅट, सीडीएस कुठूनही परत फ्लाइंगला बसता येत नाही. म्हणून ‘सहज अनुभव म्हणून देऊन येतो’ असं या एका बाबतीत कधीच करायचं नाही.

त्यात दोन भाग समज. पहिला, कॉकपिटमधल्या तबकड्या वाचणं. दुसरा, स्टिक आणि पेडल चालवत पडद्यावरचं लक्ष्य पकडणं. आधी सूचना समजावून सांगतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात, कारण मुलगा ऐकत असताना मनात सराव करत असतो. तबकड्या घरी शिकता येतात. उंचीमापकात लांब काट्याची एक फेरी म्हणजे १,००० फूट आणि छोट्या काट्याची १०,०००. छोटा ३ आणि ४ च्या मध्ये, लांब ५ वर: ३,५०० फूट. आधी छोटा वाचायचा, मग लांब. उलटं केलं की हजाराची चूक होते. कृत्रिम क्षितिजात गोंधळ जास्त. तिथे छोटं विमान स्थिर असतं आणि मागची रेषा हलते. विमान डावीकडे कललं की रेषेचं डावं टोक वर गेलेलं दिसतं. घाईत मुलं रेषेकडे बघून ‘उजवीकडे’ लिहितात. वहीत वर्तुळं काढून पन्नास-साठ वेळा स्वतःला विचार, म्हणजे विचार न करता उत्तर येईल. त्याला होकायंत्र, वेगमापक आणि चढ-उताराचा काटा जोडून वाच. स्टिकच्या भागात जोरात झटके देणारा लक्ष्याच्या पलीकडे जातो, मग उलट झटका, मग पुन्हा. छोट्या, सावकाश हालचाली. आदल्या रात्री पूर्ण झोप, बस-रेल्वेतून उतरून थेट जाऊ नकोस.

इंग्रजीबद्दल. हवाई दलाची निवड मंडळं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाडा इथे आहेत. पहिल्या टप्प्यात बुद्धिमापन आणि एक पुसट चित्र: ३० सेकंद बघायचं, ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बोलायचं. यात निम्म्याहून अधिक मुलं बाहेर जाऊ शकतात. तुटकं पण स्पष्ट इंग्रजी चालतं, गप्प बसणं चालत नाही. पुढे १२ चित्रांच्या गोष्टी, त्यातलं शेवटचं कोरं. ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं. ६० प्रसंग, त्यात तू काय करशील ते ३० मिनिटांत लिहायचं. पाठ करून नेलेल्या गोष्टी ओळखू येतात, कारण चित्रात शेतकरी दिसत असताना मुलगा पूरग्रस्तांना वाचवतो. चित्रात जे आहे तेच लिही. आल्याला भाव पडला तर शेतकरी काय करील हे तुला ठाऊक आहे, तेच खरं लिही.

इंग्रजीसाठी रोज दहा मिनिटं मोठ्याने बोल, एक बातमी वाचून स्वतःच्या शब्दांत. अकरावीपासून केलंस तर दोन वर्षं हातात आहेत.

हेही आधीच कळू दे: निवड झाली म्हणजे फायटर मिळालं असं नाही. खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ डुंडीगलला पिलाटस विमानावर सुरुवात. त्यानंतर गुण आणि गरज बघून फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशा वाटण्या. फायटरवाले पुढे बिदरला हॉक या प्रशिक्षण जेटवर शिकतात. म्हणून डुंडीगलमधली पहिली उड्डाणंच ठरवतात.

निवृत्त_वायुसैनिक_सातारा

बहिणीसाठी: होय, मुलींना आहे. हवाई दलात पहिल्या तीन महिला फायटर पायलट १८ जून २०१६ ला दाखल झाल्या. एनडीएत मुली २०२२ पासून शिकू लागल्या आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ ला बाहेर पडली. एनडीएत मुलींच्या फ्लाइंगच्या जागा अलीकडच्या जाहिरातींत अगदी थोड्या, दोनच, आहेत. तिच्यासाठी एएफकॅटची वाटही आत्तापासून गृहीत धरा.

पाचवीत आहे म्हणजे सातारा सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा देता येईल. देशातलं पहिलं सैनिक स्कूल, २३ जून १९६१ चं. ३१ मार्चला वय १० ते १२. पेपर ३०० गुणांचा, त्यात एकट्या गणिताचे १५०, आणि मराठीतून देता येतो. फॉर्मच्या तारखा दरवर्षी बदलतात, दिवाळीच्या आधीपासूनच रोज लक्ष ठेवा. जातीचा आणि रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलला शेवटच्या आठवड्यात गर्दी होते.

दृष्टी_मिरज

शुक्रवारसाठी एवढंच: थेंब टाकल्यावर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जवळचं पुसट दिसतं आणि ऊन सहन होत नाही. बाबांना बरोबर ने, गाडी स्वतः चालवू नकोस, टोपी किंवा गॉगल ने. आदल्या दिवशी रात्री उशिरापर्यंत वाचू नकोस. आणि डॉक्टरांकडून थेंब टाकल्यानंतरचा नंबर लिहून घे, आधीचा नव्हे.